जिल्हा परिषद शाळेसाठी निधी आणि विशेष शिक्षक : खान्देशातल्या पालकांनी कुठे, कधी, काय मागायचं

गावातल्या शाळेला पैसा कुठून येतो असं विचारलं की बहुतेक जण "वरून" एवढंच सांगतात. पण हे "वर" एका जागी नाही. वर्गखोली एका दारातून येते, संडासाची दुरुस्ती दुसऱ्या दारातून, दिव्यांग मुलासाठीचा विशेष शिक्षक तिसऱ्या. चित्रकलेचा किंवा खेळाचा शिक्षक तर बहुतेक गावांत कुठल्याच दारातून सरळ येत नाही. प्रत्येक दाराचा महिना ठरलेला आहे. तो चुकला की एक वर्ष गेलं.

रावेरपासून धडगावपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांचे पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि नव्याने मुख्याध्यापकाचा चार्ज घेतलेले गुरुजी यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असतात आणि खासगी अनुदानित शाळांचे नियम निराळे आहेत, त्यामुळे त्यांच्या पालकांना यातलं थोडंच लागू पडेल.

सुरुवात यु-डायसच्या कागदापासून

अर्ज, निवेदन, पुढाऱ्याची भेट हे सगळं नंतर. आधी मुख्याध्यापकांकडून शाळेचा यु-डायस प्लसचा, म्हणजे सरकारकडे दरवर्षी भरल्या जाणाऱ्या शाळेच्या माहितीचा, अहवाल छापून घ्या. शाळेचा अकरा अंकी क्रमांक २७ ने सुरू होतो, तो महाराष्ट्राचा. पुढचे दोन अंक जिल्ह्याचे : नंदुरबार ०१, धुळे ०२, जळगाव ०३. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेचा पैसा असो की शिक्षकांची पदं, सगळं या क्रमांकाखाली भरलेल्या माहितीवर ठरतं. दिल्लीत किंवा मुंबईत बसलेल्या माणसाला तुमची गळकी खोली दिसत नाही, त्याला फक्त रकाना दिसतो.

हा कागद समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि वाचता वाचता शाळेत फिरून खात्री करा. माझ्या अनुभवाने घोळ बहुतेक तीन ठिकाणी असतो.

पहिला संडासाचा. "संडास आहे" आणि "संडास वापरात आहे" हे दोन वेगळे रकाने आहेत. टाकीत पाणी नाही, दाराला कडी नाही, मुली घरी पळतात, तरी घाईघाईत दोन्हीकडे "होय" भरलेलं असतं. मग दुरुस्ती मागायला गेलात की तालुक्याचा माणूस संगणकाकडे बोट दाखवतो : तुमच्याकडे तर आहे!

दुसरा दिव्यांग मुलांच्या नोंदीचा. गावात सगळ्यांना माहीत असतं की अमक्याच्या पोराला ऐकू कमी येतं, पण नोंदीत शून्य. शून्य मुलांसाठी विशेष शिक्षक कोणी देत नाही.

तिसरा आणि सगळ्यात महागात पडणारा घोळ आधारचा. पदं ठरवण्याच्या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात, आणि तिच्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. ज्यांचं आधार वैध ठरलं आहे तेवढीच मुलं त्यात हिशोबात येतात. सातपुड्यातल्या पाड्यांवर जन्माची नोंद घरीच राहिलेली असते, घरचं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं, आडनाव एका कागदावर पावरा तर दुसऱ्यावर बारेला. जन्मतारखा तर निम्म्या वर्गाच्या १ जून. असं प्रत्येक पोर वर्गात बसून धडा वाचत असतं आणि हिशोबात मात्र गैरहजर असतं.

एका पोराने काय फरक पडतो ते बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे ६० आणि ६१ यांच्यामध्ये एक अख्खा शिक्षक उभा आहे. राज्य सरकार संचमान्यतेचे निकष अधूनमधून बदलतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयावरून छोट्या शाळांमध्ये किती ओरड झाली ते शिक्षकांना माहीत आहे. त्यामुळे चालू वर्षाचा निर्णय केंद्रप्रमुखांकडून (आसपासच्या काही शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याचे प्रमुख) मागून घ्या. पण पट कुठल्या टप्प्याच्या काठावर आहे हे ओळखण्याची रीत तीच राहते. काठावर असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये आधार दुरुस्तीचं शिबिर शाळेतच लावून घ्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्राला लेखी मागणी केली तर यंत्र गावात येऊ शकतं. मजुरी बुडवून तालुक्याला पोर घेऊन जा, असं आईबापाला सांगितलं तर ते होणार नाही.

आणखी एक इथलं गणित. गुजरातेत ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. त्यामुळे ३० सप्टेंबरचा पट भरलेला दिसतो आणि डिसेंबरात बाक रिकामे. ही मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून समग्र शिक्षामधून हंगामी वसतिगृह मिळू शकतं, आणि ते शाळा व्यवस्थापन समितीच चालवते. पण जाणाऱ्या कुटुंबांची यादी ती गाव सोडण्याआधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, प्रस्तावासोबत जायला हवी. तरी जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येईल.

शाळेच्या हक्काचं किती?

समग्र शिक्षा ही योजना २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र करून झाली. महाराष्ट्रासाठी खर्चातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. तिच्यात प्रत्येक सरकारी शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान असतं : ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. इथेही काठ आहेच. एकतिसावं पोर आलं की १०,००० चे २५,००० होतात. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

याशिवाय ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला ५,००० आणि पहिली ते आठवीच्या शाळेला १३,००० रुपयांपर्यंत. खेळाच्या साहित्याला प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिकला २५,००० पर्यंत. "पर्यंत" हा शब्द नीट वाचा. या कमाल मर्यादा आहेत. मंजुरी कमी येऊ शकते, हप्त्याने येऊ शकते. पण आकडा माहीत असला की "यंदा खेळाचं काही आलंच नाही" या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येतो.

आराखडा आणि ठराव

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने समितीला शाळेवर देखरेख ठेवण्याचा आणि अनुदानाचा खर्च तपासण्याचा अधिकार दिला आहे. कलम २२ पुढे सांगतं की समितीने केलेला शाळा विकास आराखडा हाच सरकारच्या योजनेचा आणि अनुदानाचा पाया धरायचा. आराखडा तीन वर्षांचा, त्यात दर वर्षाचा उपआराखडा. कागदावर इतकी ताकद असलेली समिती बहुतेक गावांत सही करण्यापुरती बोलावली जाते, कारण बैठक सकाळी अकराला ठेवतात. कापूस वेचणीच्या दिवसांत अकराला कोण येणार? समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात, आणि त्याच बाया त्या वेळी शेतात असतात. बैठक संध्याकाळी ठेवा, नाहीतर आठवडी बाजाराच्या दिवशी. गणपूर्ती आपोआप होते.

आराखड्यात "शाळेचा सर्वांगीण विकास" असलं काही लिहू नका. खोली क्रमांक, मापं, मुलांची संख्या आणि खर्चाचा अंदाज लिहा. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासाठी पंचायत समितीचा शाखा अभियंता लागतो, त्याला पावसाळ्यातच बोलवा. छत कुठे गळतं हे त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, मार्चमध्ये ते कोरडंच असतं.

ठरावाचा मसुदा असा करता येईल. आकडे नमुन्याचे आहेत :

"ठराव क्र. ४ : शाळेचा इ. १ ली ते ५ वीचा पट ८६ असून यु-डायस नोंदीनुसार ३ विद्यार्थी दिव्यांग आहेत (श्रवणदोष १, बौद्धिक अक्षमता २). त्यांना आठवड्यातून किमान एक दिवस विशेष शिक्षकाचे प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळावे, अशी लेखी मागणी मा. गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे करावी व तिचा समावेश शाळा विकास आराखड्यात करावा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर."

ठराव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक हिवाळ्यात तयार होतं, मग ते महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत दिल्लीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे मंजुरीच्या बैठका होतात. म्हणून तुमचा ठराव नोव्हेंबरअखेर तालुक्याला पोचलेला हवा. जूनमध्ये शाळा उघडताना जोशात केलेली मागणी पुढच्या वर्षाच्या रांगेत जाते.

ग्रामपंचायतीचं दार जवळचं आहे

सगळं समग्र शिक्षावर टाकू नका. पाण्याची टाकी, हातधुणी, मुलींचा संडास यांसाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा पैसा असतो. पंधराव्या आयोगात, म्हणजे २०२६ पर्यंत, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता आणि ४० टक्के अबंधित. पुढच्या आयोगातली टक्केवारी ग्रामसेवकांना विचारा (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात हाक तीच आहे). हा पैसा मिळायचा तर काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं. तो आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या काही महिन्यांत ठरतो. शाळेचा ठराव त्या ग्रामसभेत वाचून घ्या आणि इतिवृत्तात आला की नाही ते बघूनच घरी जा.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. शाळेचा उतार, कठडा, दिव्यांग मुलाचं साहित्य यासाठी हा हक्काचा पैसा आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो पडून राहतो.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातली जी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे आणखी एक दार आहे. आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी २०१५ पासून थेट पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या, ग्रामपंचायतींना मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे. एकापेक्षा जास्त पाडे असतील तर पाड्याच्या शाळेचं नाव ठरावात स्वतंत्र घाला, नाहीतर सगळं मुख्य गावात जिरतं. यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत, तिथेही समितीचा अर्ज देऊन ठेवा.

नवीन खोली आणि मोठी दुरुस्ती मात्र जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागामार्फत होते. तिथे प्राधान्ययादीत नाव लागणं महत्त्वाचं. धोकादायक इमारतीचं बांधकाम विभागाचं पत्र जोडलेलं असेल तर नाव वर सरकतं.

विशेष शिक्षक कसा मिळतो

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. दिव्यांग मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेला तो विशेष शिक्षक. कला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव शिकवणारा तो वेगळा. दोघांचे रस्ते वेगळे.

आधी दुसऱ्याचं सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपतं. कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असायला हवेत. तिन्ही वर्ग मिळून १०० च्या वर पोरं असलेल्या जिल्हा परिषद शाळा आपल्याकडे मोठ्या बाजाराच्या गावांतच सापडतील. तुमची असेल तर पटाच्या दाखल्यासह जरूर मागा, आणि बरीच वर्षं पाठपुरावा करायची तयारी ठेवा, कारण या नेमणुका मानधनावरच्या आहेत आणि त्यांचे वाद कोर्टापर्यंत गेले आहेत. बाकीच्यांनी केंद्र शिक्षण मंत्रालयाच्या विद्यांजली पोर्टलवर यु-डायस क्रमांकाने शाळेची नोंद करावी. तिथे स्वयंसेवक आणि साहित्य दोन्हींची मागणी टाकता येते. गावात ढोल शिकवणारा, कुस्ती शिकवणारा, वारली किंवा भिंतचित्रं काढणारी बाई असतेच. तिला समितीच्या ठरावाने आठवड्याचा तास द्या. हा पर्याय शिक्षकाच्या पदाची जागा घेत नाही, आणि तसा आव कोणी आणू लागला तर तेही इतिवृत्तात लिहून ठेवा.

आता दिव्यांग मुलांच्या शिक्षकाचं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरलं, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं मंजूर करून भरायला सांगितलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० पदं निर्माण केली. म्हणजे तुमच्या शाळेत नाही, तुमच्या केंद्रात एक. जामनेर-पाचोऱ्याच्या सपाटीवर एका माणसाला दुचाकीवर केंद्रातल्या शाळा फिरता येतील. अक्राणीच्या डोंगरात एका पाड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात दिवस जातो. म्हणून नुसता "विशेष शिक्षक द्या" असा अर्ज करू नका. "आमच्या शाळेला ठरावीक वार द्या आणि भेटीची नोंद शाळेच्या शेरेबुकात व्हावी" असा करा. मग महिन्याच्या शेवटी चार सह्या आहेत की एक, हे कोणालाही मोजता येतं.

पण मागणीआधी मूल नोंदीत यायला हवं, आणि इथे खान्देशात एक धोका आहे. घरी पावरी, मावची किंवा भिलोरी बोलणारं सहा वर्षांचं पोर मराठी वर्गात गप्प बसतं. दोन महिने गप्प बसलं की कोणीतरी त्याच्या नावापुढे "मंद" लिहून मोकळं होतं. आधी त्याला त्याच्या बोलीत विचारा : पाच खडे मोज, लाल कापड दाखव, काल शेतात काय केलं ते सांग. अंगणवाडीताईला किंवा आजीला शेजारी बसवा. घरच्या बोलीत पोपटासारखं बोलणारं मूल दिव्यांग नाही, त्याला भाषेची मदत हवी आहे. उलट मागच्या बाकावर बसून नेहमी एकच कान पुढे करणारं, कान वाहणारं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल हुशारीमुळे सुटून जातं. वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी अशी मुलं घरी राहणार नाहीत याची काळजी समितीने घ्यावी. शिक्षकांसाठी "प्रशस्त" नावाचं ॲपही आहे. त्यात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांनुसार प्राथमिक चाळणी करता येते.

चाळणीनंतर जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), मग यु-डायसमध्ये नोंद, मग मागणी, हा क्रम मोडू नका. नोंद झाली की मुलासाठी समग्र शिक्षामधून वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद लागू होते, ज्यातून साहित्य, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता वगैरे दिलं जातं. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये दहा महिने मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, तीनचाकी यांसाठी तालुक्याला मोजमाप शिबिरं होतात, त्यांची तारीख गटसाधन केंद्रात विचारत राहावी लागते. शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलाला घरी येऊन शिकवण्याचीही सोय योजनेत आहे. तिची मागणी फारच कमी पालक करतात.

पैसा आल्यावर

"भाऊ, पैसा उना का?" हा प्रश्न जानेवारीपासून सुरू होतो, आणि पुष्कळदा पैसा फेब्रुवारी-मार्चमध्येच येतो. येतो म्हणजे खात्यात रोख पडत नाही. शाळेच्या शून्य शिल्लक खात्याला खर्चाची मर्यादा मिळते आणि देयक पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवरून सरळ दुकानदाराच्या खात्यात जातं. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. त्यामुळे काय घ्यायचं याचा ठराव आणि तीन दरपत्रकं डिसेंबरातच फाईलला लावून ठेवा. ठरलेल्या दुकानातूनच घ्या असा तोंडी निरोप आला तर तो लेखी मागा. बहुतेक वेळा निरोप तिथेच विरतो.

साठा नोंदवहीत वस्तू चढली, बिलावर मुख्याध्यापक आणि अध्यक्षांची सही झाली, उपयोगिता प्रमाणपत्र तालुक्याला गेलं, की मगच ते काम संपतं. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या प्रमाणपत्रावर अध्यक्षांनी सही करू नये, गुरुजी कितीही चांगले असले तरी.

उत्तर आलंच नाही तर

महिन्याभरात ठरावाला उत्तर नसेल तर स्मरणपत्र, त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना (प्राथमिक). तरीही शांतता असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून. त्यात "का दिलं नाही" असं विचारू नका, "का" ही माहिती धरली जात नाही. विचारा ते असं : अमुक आवक क्रमांकाच्या ठरावावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, या यु-डायस क्रमांकाच्या शाळेला चालू आणि मागच्या आर्थिक वर्षात मंजूर, वितरित व परत गेलेला निधी बाबनिहाय, केंद्रातल्या विशेष शिक्षकाची मंजूर फिरती आणि भेटींच्या नोंदी. उत्तराची मुदत ३० दिवस. ते न मिळाल्यास किंवा अर्धवट मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ. अर्ज समितीच्या नावाने करू नका, एका पालकाच्या नावाने करा. कायद्यात माहिती मागण्याचा हक्क नागरिकाला आहे, आणि समितीच्या लेटरहेडवरचा अर्ज एवढ्याच कारणावरून परत येऊ शकतो.